माटुंग्याचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग: पानातले जेवण आणि पानामागचे उपनगर

माटुंग्याच्या मध्य रेल्वे स्थानकातून पूर्वेला बाहेर पडले की हाकेच्या अंतरावर, बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ साली सुरू झालेल्या या ठिकाणाची ख्याती आज केळीच्या पानावरच्या पोटभर जेवणापुरती उरली आहे आणि समाजमाध्यमांवरची छायाचित्रेही बहुधा पानाचीच असतात. माझ्या मते ही मुळात खाणावळ आहे आणि तिला हॉटेलाचे निकष लावणे अन्यायाचे ठरेल. ज्या उपनगराच्या गरजेतून ती उभी राहिली ते लक्षात घेतल्याशिवाय तिथली चव, शिस्त आणि घाई यांचा उलगडा होत नाही.

१८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाट वस्त्यांची दैना उघडी पाडल्यावर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराच्या उत्तरेकडील दादर-माटुंग्याची जमीन संपादून ट्रस्टने तेथे रुंद रस्त्यांचे, बागांचे आणि मोजक्या मजल्यांच्या इमारतींचे आखीव उपनगर वसवले. फाइव्ह गार्डन्स आणि किंग्ज सर्कल ही त्याच आखणीची देणगी. चाळीतील सामायिक संडासाऐवजी घरातच स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास असलेला ‘ब्लॉक’ येथे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आणि त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक ठरले ते मद्रास इलाख्यातून इंग्रजी, टंकलेखन आणि लघुलेखन शिकून मुंबईच्या कचेऱ्यांत व रेल्वेत नोकरीला आलेले दाक्षिणात्य. त्यांनी देवळे बांधली, भजनी समाज काढले, १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी उभी केली. १९५२ साली षण्मुखानंद ही संगीतसभा स्थापन झाली आणि १९६३ साली तिचे भव्य सभागृह उभे राहिले. (ते १९९० साली आगीत भस्मसात झाले आणि १९९८ साली पुन्हा सुरू झाले.) परंतु बिऱ्हाड थाटण्याआधी जो एकटा तरुण एखाद्या खोलीत चौघांबरोबर राहत असे, त्याला देवळापेक्षाही आधी दोन वेळच्या भाताची सोय हवी होती, आणि ती बोर्डिंगांनी केली. गिरणगावात घरोघरी बायका कामगारांचे डबे आणि खाणावळी चालवत, त्याच प्रकारचे हे काम होते; फरक एवढाच की येथे जेवणारा कारकून होता आणि स्वयंपाकाची रीत उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेतून आलेली होती.

जेवणात ही वंशावळ स्पष्ट दिसते. मसाल्याचा भडिमार नाही, तेलाचा तवंग नाही. रोज जेवणाऱ्याच्या पोटाला झेपेल असाच सगळा बेत. पोळी किंवा पुरी, भाज्या, सांबार, रसम, भात, पापड, लोणचे, दही किंवा ताक असा क्रम असतो. भाज्या ठीक आहेत. त्यांच्यासाठी कोणी लांबून येऊ नये. रसमासाठी मात्र जरूर यावे. मिरी, जिरे आणि चिंच यांपैकी कोणीही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही आणि ते वाटीने प्यावे की भातावर घ्यावे, हा निर्णय करणे अवघड जाते. सांबार आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या गोडसर सांबारापेक्षा पातळ आणि सौम्य आहे. त्याची खरी जागा भातात आहे, इडलीशेजारी नाही. वाढपी न विचारता वाढत जातात, आणि पान संपल्यावर रेंगाळण्याची येथे रीत नाही. गप्पांची बैठक हवी असेल त्याने दुसरीकडे जावे, पण कचेरीची वेळ गाठायच्या माणसासाठी बसवलेली ही लय आहे, हे ध्यानात घेतले तर ती उद्धट वाटत नाही.

या इतिहासाची एक बाजू मराठी परीक्षकाने टाळू नये. १९६६ साली शिवसेना स्थापन झाल्यानंतरच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध मोठी मोहीम चालली, उडुपी हॉटेलांवर दगडही पडले, आणि तरीही आज रविवारी दुपारी येथील रांगेत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने दिसतात. दरम्यान माटुंगाही बदलले. अनेक तमिळ आणि कन्नड कुटुंबांची पुढची पिढी चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीकडे गेली, गुजराती आणि कच्छी वस्ती वाढली, जुन्या इमारतींच्या जागी मनोरे आले. फुलांची, केळीच्या पानांची आणि फिल्टर कॉफीच्या पुडीची दुकाने टिकली, ती पुष्कळशी सणासुदीला उपनगरांतून परत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बळावर. बोर्डिंगमध्ये दररोज जेवणारा सडाफटिंग कारकून आता अल्पसंख्य झाला असावा. त्याची जागा हौसेने येणाऱ्यांनी घेतली आहे. तरीही स्वयंपाकघराने हौसेपुढे नमते घेतलेले नाही आणि या परीक्षणात सर्वाधिक गुण मी त्यालाच देईन.

डोसा किंवा इडली खाण्याच्या इराद्याने आलेल्यांनी मात्र १९३९ चे रामाश्रय किंवा १९४० चे कॅफे मद्रास गाठावे. दोन्ही याच परिसरात आहेत. येथे यायचे ते भातासाठी, भरपूर भूक ठेवून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. पोळी-पुरीवर पोट भरू नये आणि रसमाची दुसरी वाटी मागायला संकोच करू नये.