पावसाळ्यात मोबाईलवरून एसी: इलेक्ट्रिक गाडीच्या काचेवरची वाफ आणि माझा अनुभव

गाडी घेताना ॲपवरून एसी लावता येतो हे उन्हाळ्याच्या हिशेबाने सांगितलं गेलं होतं. मला त्याचा खरा फायदा पावसाळ्यात कळला. कासारवडवलीहून घोडबंदर रोडने ऐरोलीला रोजचं जाणं-येणं आहे, अख्खा पावसाळा काढून हे लिहितोय.

आमची गाडी सोसायटीत उघड्यावर असते. ओले मॅट, मागच्या सीटवर मुलीचा रेनकोट. सकाळी दोघं आत बसलो की मिनिटभरात पुढची काच आतून पांढरी! फडक्याने पुसली तर फराटे उठतात आणि समोरून दिवे आले की त्यातून काही दिसत नाही. आता घरातून निघायच्या जरा आधी एसी लावतो, खाली येईपर्यंत आतली काच कोरडी असते. पेट्रोलच्या गाडीत यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. इथे कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, धुराचा प्रश्नच नाही.

तापमान किती ठेवायचं यावर मात्र सगळं अवलंबून आहे. कृपया १८ ठेवू नका. जुलैत ठाण्यात बाहेर २६-२७ अंश आणि आर्द्रता नव्वदीला टेकलेली असली, तर काच २४-२५ च्या खाली गेली की हवेतलं पाणी तिच्यावर बाहेरून जमतं, थंड ताकाच्या पेल्याला सुटतं तसं. डॅशबोर्डच्या झरोक्यांवर, काचेच्या अगदी तळाशी, अर्धगोल पांढरा पट्टा दिसला की समजायचं ही बाहेरची वाफ. एसी आणखी गार केला तर ती वाढतेच. ती वायपरने जाते. आपल्याला काच गार करायची नाहीये, आतली हवा कोरडी करायची आहे. ते काम एसीची कॉइल, म्हणजे आतली थंड नळी करते, हवेतलं पाणी तिच्यावर जमतं, गाडीखाली ठिबकतं ते पाणी त्याच हवेतलं. मी २५ वर ठेवतो आणि ते पुरतं.

माझ्या गाडीत ॲप फक्त तापमान विचारतं. झोत कुठे आणि हवा आतली की बाहेरची, हे आदल्या दिवशी जसं सोडलं तसंच राहतं. म्हणून रात्री उतरताना झोत काच आणि पाय असा करून ठेवतो. गाडी चालवताना एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवू नये. कॉइलवरचं पाणी परत आत येतं आणि काच भर रस्त्यात धुकटते. पाटलीपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊस कोसळत असताना हे फार धोक्याचं आहे.

बॅटरीची काळजी करणाऱ्यांसाठी: एसी जोरात चालला तरी दीड-दोन किलोवॅट धरा. दहा मिनिटांत पाव ते एक तृतीयांश युनिट, म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीत एक टक्काही नाही. एका चार्जमध्ये गाडी जेवढी जाते त्यात दोनेक किलोमीटर कमी.

त्रास आहे तो नेटवर्कचा. आपला निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून गाडीतल्या सिमकडे जातो. ऑफिसच्या खालच्या बेसमेंटमध्ये गाडीला रेंजच नसते, तिथे ही सोय शून्य. कधी ॲप ‘झालं नाही’ म्हणतं आणि खाली जाऊन पाहावं तर एसी चालू.

काच आतून स्वच्छ ठेवली तर निम्मं काम होतं. नव्या गाडीत डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडून काचेवर तेलकट थर बसतो, त्यावर वाफ चिकटून राहते. दर काही दिवसांनी मायक्रोफायबरने पुसतो.

कंपनीने पुढच्या अपडेटमध्ये ॲपवर समोरच्या काचेच्या डिफॉगरचं वेगळं बटण द्यावं, आणि रोजची वेळ लावायची सोयही. शाळेच्या दिवसांत सकाळी तेवढं एक काम कमी होईल.