शो एजन्सीतून घ्यायचा की डायरेक्ट? बडोद्याच्या डान्सर्ससाठी

लग्नाचा सीझन आला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मुलामुलींना फोन सुरू होतात, संगीतला बॅकअप डान्सर पाहिजेत, बोला कितीत करणार. एजन्सीतून गेलं की काम सलग मिळतं, पार्टीमागे पैशासाठी फिरावं लागत नाही, हे खरंच. पण कमिशन कशावर कापतायत ते आधी विचारा. समजा पार्टीने डान्सरमागे 5000 दिले आणि एजन्सीचे 20 टक्के, तर हातात 4000 यायला पाहिजेत, पण पार्टीने किती दिले हेच सांगत नसतील तर 20 कापले की 50 हे कळणार कसं? आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला इन्कम टॅक्स, वेगळा हां, तो तुमच्या पॅनवर दिसलाच पाहिजे, जास्तीचा कापला असेल तर रिटर्न भरून परत मिळतो, कमिशन गेलं ते गेलं.

डायरेक्टमध्ये रेट तुमचा, पण रिहर्सल, कॉस्च्युम, मेकअप, रात्री 1 वाजता घरी यायची रिक्षा, सगळं स्वतः मागायचं आणि आपल्याला मागायचीच लाज. मागा हो! सयाजीरावांच्या काळात तंजावरच्या नर्तकींना दरबारातून पगार होता, आणि आज भरतनाट्यमची डिग्री घेतलेल्या मुलीला 'एक्स्पोजर मिळेल' म्हणून फुकट नाचवतात, फार राग येतो.

माझं मत, नवीन असाल तर एजन्सी, पण एक्सक्लुझिव्हची, म्हणजे फक्त त्यांच्याचकडून काम घेईन अशी, सही अजिबात नको. ओळखी झाल्या की लग्नं डायरेक्ट घ्या, निम्मे पैसे आधी, आणि किती गाणी, किती रिहर्सल, शो कॅन्सल झाला तर काय, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घेतल्याशिवाय तारीख देऊ नका.