चार इंची ग्राइंडर, नऊ महिन्यांनंतर: पाटीवरच्या चौकोनातल्या चौकोनाबद्दल

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर भुरभुर चालू असताना, माझा भाचा गेटच्या चौकटीवरचं वेल्ड घासत होता. एकदम ओरडला, "मामा, माले झटका लागना!" आणि चालू ग्राइंडर हातातून सुटला. ११,००० आरपीएमला चार इंची डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने पळत असते. डिस्क फुटली, तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला, पोरगा वाचला. बहिणीने पारोळ्याहून माझ्या भरवशावर काम शिकायला पाठवलेला मुलगा आहे तो. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. वॅट, स्पिंडल, वजन सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. ओळखीची कंपनी आहे, दुकानदार आधी तिचाच खोका काढून दाखवतात.

अमळनेरला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, हंगामात ट्रॉलीची कामं. हे मशीन दिवाळीनंतर जळगावहून २,८५० रुपयांना आणलं. खोका उघडला आणि डोकं फिरलं. वायर दोनच कोअरची, प्लगला दोनच पिना. जवळपास तीन हजार मोजूनही अर्थिंग नाही. मी तेव्हा दोन स्टार देऊन लिहिलं होतं की कंपनीने तिसऱ्या वायरचे पैसे वाचवले. ते चूक होतं, मी ते मागे घेतो.

लिहून थांबलो असतो तरी बरं झालं असतं. मी तीन कोअरची वायर टाकली, तीन पिनांचा प्लग लावला आणि हिरवी (अर्थची) तार गिअर हेडच्या, म्हणजे पुढच्या धातूच्या डोक्याच्या, स्क्रूखाली आवळली. आठ दिवसांनी कार्बन (मोटारीत करंट पोचवणारे, झिजणारे ठोकळे) बघायला म्हणून नानांकडे गेलो. नानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतीपंपाच्या मोटारी भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी मशीन हातात घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले, "आधी ही हिरवी तार काढ."

मग पाटीवर बोट ठेवून त्यांनी दाखवलं: एका चौकोनात दुसरा लहान चौकोन. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता, मला तो नक्षीसारखा वाटत होता. त्याचा अर्थ क्लास टू, दुहेरी इन्सुलेशन. करंट असलेल्या तांब्याला पहिलं इन्सुलेशन असतंच. ते फाटलं तरी करंट माणसाच्या हाताला लागू नये म्हणून दुसरं, पहिल्यापासून वेगळं. अशा मशीनला अर्थची तार जोडायची सोय ठेवायचीच नाही, असं मानकच सांगतं. मी म्हटलं, "नाना, पण जास्तीची तार असली तर बिघडतं काय?" ते म्हणाले, "तुझ्या बोर्डातला अर्थ मेलेला असला, आणि त्याच बोर्डावरच्या वेल्डिंग मशीनच्या बॉडीत करंट उतरला, तर तो तुझ्या या तारेतून थेट तुझ्या हातात येईल." घरी येऊन अर्थ तपासला. मेलेलाच होता. हिरवी तार काढली, परत दोन पिनांवर आलो.

त्या दिवसापासून मी या चौकोनाच्या मागे लागलो. तो फुकट छापायचा नसतो. हातात धरायच्या विजेच्या हत्यारांसाठी आधी आयईसी ६०७४५ हे आंतरराष्ट्रीय मानक होतं, २०१४ पासून ६२८४१ त्याची जागा घेत आलं. त्यात मशीनला ४८ तास दमट पेटीत ठेवतात आणि लगेच इन्सुलेशनवर हजारो व्होल्ट सोडून बघतात. एक मीटरवरून काँक्रीटवर तीनदा पाडतात, आणि पाडल्यावरही आतलं काही उघडं पडता कामा नये. क्लास टू मशीनमधून बाहेर गळणारा करंट पाव मिलिअँपिअरच्या आत असावा लागतो. माणसाला मुंग्या जाणवतात त्या साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला. म्हणजे धड असलेल्या क्लास टू मशीनला हात लावला तर मुंगीसुद्धा यायला नको. हे वाचलं आणि मनातून कंपनीची माफी मागितली.

उन्हाळ्यात मशीनने मान खाली घालायला लावली नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी व्होल्टेज पडतं, तरी रोजचं काम निघालं. एकदा कार्बन बदलले. स्विचमध्ये लोखंडाची धूळ जाऊन तो अडकतो, फुंकर मारून चालतो. पडीक व्होल्टेजवर दाबून काम करू नका, आर्मेचर (मोटारीचा आतला फिरणारा भाग) तापतं. माझं तसंच गेलं असावं. मेच्या शेवटी धूर निघाला.

आता खरं दुखणं. वॉरंटी वर्षाची होती. अधिकृत सर्व्हिस सेंटरवाल्यांनी झाकण उघडून पाच मिनिटांत सांगितलं की ओव्हरलोड आहे, वॉरंटीत बसत नाही. १,१५० रुपये घेतले, बिलावर फक्त "आर्मेचर" लिहिलं, पार्ट नंबर नाही. जुनं आर्मेचर मागितलं तर भंगारात गेलं म्हणाले. मी चार दिवस कुरकुर केली ती पैशांसाठी. आत काय बसवलंय हे बघायचं सुचलं नाही, आणि हीच गोष्ट मला अजून खाते.

भाच्याला झटका लागला त्या दिवशी मी आधी त्यांनाच फोन केला. तिकडून उत्तर आलं, "प्लग उलटा करून लावा, झटका जातो." हे उत्तर तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. कृपा करून ऐकू नका. दोन पिनांचा प्लग उलटा केला की बॉडीकडे फुटलेली बाजू न्यूट्रलवर जाते, म्हणून झटका जाणवत नाही. फुटलेलं इन्सुलेशन तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी कुणी प्लग सरळ लावला की त्याचा हात फेजला.

नानांनी मशीन उघडलं. एका बाजूला त्यांच्याकडचं दुसऱ्या मशीनचं जळलेलं मूळ आर्मेचर ठेवलं, दुसऱ्या बाजूला माझं नवीन. मूळ आर्मेचरमध्ये मधला शाफ्ट आणि भोवतीच्या लोखंडी पत्र्या यांच्यामध्ये प्लास्टिकची नळी आहे, कडेला तिची बारीक रिंग दिसते. माझ्यातल्यात शाफ्ट सरळ पत्र्यांत ठोकलेला, लोखंडाला लोखंड. शाफ्ट गिअरला टेकतो, गिअर अ‍ॅल्युमिनियमच्या गिअर हेडमध्ये बसतो आणि ते हेड आपण तळहातात धरतो. दुसरं इन्सुलेशन म्हणजे ती प्लास्टिकची नळीच होती. कोरडा उन्हाळा असेपर्यंत पहिल्या इन्सुलेशनवर निभलं. पावसाची ओल आली, कार्बनची काळी भुकटी कॉइलवर साचली, आणि करंट थेट हेडपर्यंत आला. पाटीवर चौकोन तसाच छापलेला, आत मात्र क्लास टू उरलाच नव्हता.

तपासणी सोपी आहे. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडायच्या, मशीनचा स्विच ऑन ठेवायचा (हे विसरलात तर आर्मेचर तपासलंच जात नाही), आणि ५०० व्होल्टच्या मेगरची (इन्सुलेशन तपासायच्या मीटरची) एक तार त्या पिनांना, दुसरी गिअर हेडला लावायची. माझा काटा शून्याजवळ पडला, म्हणजे इन्सुलेशन गेलेलं. मोटार भरणाऱ्या कुठल्याही दुकानात मेगर असतो. नानांनी वीस रुपये घेतले, तेही मी बळजबरीने दिले. दुरुस्तीहून आलेलं प्रत्येक मशीन आता मी आधी नानांकडे नेतो.

नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दोन्ही आर्मेचरचे फोटो आणि मेगरचा फोटो तक्रारीच्या नंबरासह कंपनीला मेल केले. बाराव्या दिवशी त्याच सेंटरवरून फोन आला. आवाज बदललेला होता. पार्ट नंबर लिहिलेलं सीलबंद आर्मेचर माझ्यासमोर बसवून दिलं, १,१५० परत केले. फुटलेली डिस्क आणि बुडालेले दिवस माझ्या खात्यावर.

मधल्या बारा दिवसांत काम अडू नये म्हणून १,१०० रुपयांचं एक मशीन आणलं होतं, त्याबद्दलही सांगतो. त्याच्यावर चौकोनात चौकोन, सीई, वायरवर आयएसआय, सगळं छापलेलं. सीई म्हणजे चायना एक्सपोर्ट असं मीही दहा जणांना सांगितलं होतं. ते खोटं आहे. युरोपात माल विकताना तिथले नियम पाळले आहेत असं उत्पादकाने स्वतः जाहीर केल्याची ती खूण आहे. बाहेरच्या लॅबने तपासलंच असेल असा तिचा अर्थ नाही, आणि आपल्या बाजारासाठी तर ती खूण नाहीच. आयएसआयचं वेगळं आहे. खुणेच्या वर आयएस नंबर असतो (पीव्हीसी वायरला आयएस ६९४), आणि खाली सीएम/एल लिहून लायसन्सचा नंबर. तो नंबर बीआयएस केअर (आयएसआय खूण देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी, पत्ता आणि कोणत्या मालासाठी लायसन्स आहे ते दिसतं. मी वायरवरचा नंबर टाकला, नोंदच सापडली नाही. मशीन त्याच दिवशी परत केलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, आजवर कोणी वायर वाचली नाही." त्याला अ‍ॅप दाखवलं. पैसे दिले, पण चेहरा पाडून.

बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय, अर्थही नव्याने काढलाय. एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो तारा वाचवतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की आरसीसीबी पडतो, त्यामुळे दोन पिनांच्या मशीनलाही तो लागू पडतो. हे काम मी वर्कशॉप काढलं त्या दिवशी करायला हवं होतं.

मशीनला चार स्टार, सर्व्हिसला एक. काल नवीन आर्मेचरसह नानांकडे मेगर लावला, काटा शून्याकडे सरकलाच नाही. भाचा परत ग्राइंडर धरतो, फक्त सुरू करण्याआधी पाटी वळवून चौकोन बघतो. ते लोखंडाला लोखंड लागलेलं आर्मेचर मी भंगारात दिलं नाही, टेबलावर ठेवलंय. अमळनेर, चोपडा, धरणगावकडच्या कोणाला आपलं मशीन ताडून बघायचं असेल तर वर्कशॉपला घेऊन यावं, स्क्रू ड्रायव्हर माझा.