इमिक्विमोड ५ टक्के मलम: गुणकारी, पण शिस्त मागणारं

गुप्तांगाच्या बाहेरच्या कातडीवरच्या चामखिळांसाठी हे मलम घरीच लावता येतं, ही मोठी सोय. आठवड्यातून ३ रात्री पातळ थर, ६ ते १० तासांनी साबण-पाण्याने धुवायचं. जास्तीत जास्त १६ आठवडे. जाड थराने गुण लवकर येत नाही, कातडी मात्र सोलवटते. फार आग झाली तर काही दिवस थांबावं.

खरी गफलत संबंधांच्या वेळी होते. मलम अंगावर असताना संबंध नकोतच. मलमाने कंडोमचं रबर कमकुवत होतं. चामखीळ गेले तरी ते आणणारा एचपीव्ही विषाणू उरू शकतो, आणि पहिल्या ३ महिन्यांत ते परत उगवण्याची शक्यता जास्त. कंडोम धोका कमी करतो, पण न झाकलेली कातडी उघडीच राहते. म्हणून जोडीदाराला आधी सांगा, अगदी स्पष्ट शब्दांत.