जुनं ट्राय-अँग ‘जिंटी’ इंजिन: नवं चुंबक बसवून काही महिने चालवल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. ट्राय-अँग या जुन्या ब्रिटिश ब्रँडचं माझं हे खेळण्यातलं रेल्वे इंजिन धावतंय, मोटर मूळचीच आहे, आणि खर्च झाला तो चुंबक, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि ब्रशची स्प्रिंग एवढ्यावरच. त्यातही सगळ्यात जास्त फरक पडला तो जुनं तेल काढून टाकल्याने. ते काम जवळजवळ फुकटातलं.

माहीत नसणाऱ्यांसाठी: जिंटी म्हणजे लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेचं ०-६-० चाकांचं (म्हणजे सहाही चाकं ओढणारी, पुढेमागे जादा चाकं नाहीत) टँक इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी स्वतःवरच वाहणारं. १९२४ ते १९३१ या काळात अशी ४२२ बांधली गेली. यार्डात डबे इकडचे तिकडे करणारं, राबणारं इंजिन. त्याचं ओओ मापाचं (खऱ्याच्या १/७६) मॉडेल इंग्लंडमध्ये मार्गेटला बनायचं. १९६५ला खोक्यावर ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ असं जोडनाव आलं, माझं त्याच्या आधीचं. मेहुण्याने तिकडच्या जुन्या खेळण्यांच्या बाजारातून आणलं तेव्हा रुळावर ठेवलं की नुसतं घुं घुं करायचं, मागून ढकललं तर वीतभर जायचं आणि जळकट वास सोडायचा.

अशा वेळी लोक थेट ‘मोटर गेली’ म्हणून मोकळे होतात. या इंजिनातली एक्स-०४ मोटर सहजासहजी जात नाही. सगळी उघडी, तीन पोलची (फिरत्या भागावर तारेच्या तीन गुंडाळ्या), डोळ्यांना दिसेल अशी रचना. बॉडी काढली तेव्हा घोडं कुठे अडलंय ते लगेच कळलं. आधीच्या कुणा मालकाने वर्षानुवर्षं वरून तेल सोडलं होतं. ते कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश जिथे घासतात त्या फिरत्या तांब्याच्या गोलावर, उतरलं, त्यात कार्बनची भुकटी मिसळली आणि तांब्याच्या तीन पट्ट्यांमधल्या फटी काळ्या राळेने भरून गेल्या. वीज गुंडाळ्यांत जायच्या ऐवजी त्या राळेतूनच पलीकडे जाणार, मग मोटर तापणार नाही तर काय? शिवाय मधल्या आसाला गालिच्याचे धागे आणि कुणाचा तरी लांब केस घट्ट आवळून बसला होता. तो चिमट्याने सोडवण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

फटी साफ करायला लाकडी टूथपिक घ्या, सुई नको, तांब्यावर ओरखडे उठतात. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसायचं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते मिळतं. पॉलिश पेपर वापरायचा मोह आवरा. ब्रश काढताना वरची केसपिनेसारखी स्प्रिंग टुणकन उडते, म्हणून मोटर पारदर्शक पिशवीत धरूनच ती सोडवायची. या स्प्रिंगच्या एका पायावर बारीक नळी असते. ती ब्रशला चौकटीपासून अलग ठेवते. परत बसवताना नळी दुसऱ्या बाजूला गेली किंवा हरवली की थेट शॉर्ट.

आता चुंबक. जुनं अल्निकोचं (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचं) चुंबक काळानुसार मंदावतं, आणि मंदावलं की मोटर जास्त करंट ओढते. मल्टिमीटर मधे जोडून पाहिलं तर साधारण एक अँपिअर जात होता. एवढ्यावर रुळांना वीज देणारा १२ व्होल्टचा छोटा कंट्रोलर धापा टाकतो. आणखी एक गोष्ट: अल्निको चुंबक लोखंडी चौकटीतून नुसतं बाहेर काढलं तरी त्याचा जोर आणखी घटतो. त्यामुळे ‘काढून बघू, मग परत बसवू’ हा प्रयोग या चुंबकावर करू नये. मी निओडिमियमचं बसवलं. ते आकाराने लहान असतं, उरलेली जागा लोखंडी तुकड्यांनी भरावी लागते. करंट निम्म्यावर आला, मोटर अर्धा तास चालवूनही हाताला कोमटच लागते.

पण विकणारे सांगत नाहीत ते सांगतो. जोरदार चुंबकाने कमाल वेग कमी होतो. मला ते हवंच होतं, कारण यार्डातलं इंजिन एक्सप्रेससारखं पळताना विचित्र दिसतं. मात्र अगदी हळू चालवताना तीन पोलचे झटके आता जास्त जाणवतात, चाक अडखळत अडखळत फिरतं. पाच पोलच्या आधुनिक मोटरसारखी गुळगुळीत सुरुवात हिच्याकडून होत नाही. कुणी होईल म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

देखभाल म्हणाल तर आसांना आणि आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. वर्मला (मोटरच्या दांड्यावरच्या मळसूत्री गिअरला) प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस, तेही किंचित. पावसाळ्यात खरा त्रास इंजिनाचा नव्हे, रुळांचा. जुने पोलादी रूळ आठवड्यात तांबारतात. निकेल सिल्व्हरचे घेतल्यावर ती कटकट संपली, अधूनमधून अल्कोहोलचा बोळा फिरवला की झालं. इंजिनाच्या चाकांवरची काळी पुटंही तशीच काढायची, नाहीतर वीज चाकातून वर येणार कशी?

चाकांबद्दल मात्र तक्रार कायम आहे. त्या काळच्या कडा जाड आणि खोल. कोड १०० रुळांवर (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात) सरळ मार्गात काही अडत नाही, पण माझ्या एका पॉइंटच्या (रूळ बदलण्याच्या सांध्याच्या) क्रॉसिंगवर इंजिन दरवेळी उडी मारतं. कोड ७५ वर तर कडा स्लीपरच्या पकडींवर खडखडतात. चाकं उपसून बदलावीत असं वाटतं, पण दोन्ही बाजूंच्या क्रँकपिना (चाकांवरच्या, दांडे अडकवायच्या खुंट्या) एकमेकींशी ९० अंशांत असाव्या लागतात. तो कोन चुकला की चाकं जोडणारे कपलिंग रॉड अडकतात आणि चालतं इंजिन बंद पडतं. त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही.

डीसीसी (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत, त्यासाठी इंजिनात डीकोडर नावाची चकती लागते) बसवावं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. चौकटीतच वीज खेळत असल्याने आधी दोन्ही ब्रश तिच्यापासून वेगळे करावे लागतील, शिवाय मोटर अडली की जाणारा करंट लहान डीकोडरला झेपेलच असं नाही. डीकोडरच्या पैशात दुसरं जुनं इंजिन येतं.

घेताना चौकट हातात घेऊन उजेडात नीट बघा. जुन्या जस्ताच्या ओतीव भागांमध्ये शिशासारखी अशुद्धता राहिली असेल तर ते फुगतात, तडकतात, शेवटी बिस्किटासारखे सुटतात. त्याला इलाज नाही. चौकट धड असेल आणि सहाही चाकं मोकळी फिरत असतील, तर मोटर बंद असली तरी घासाघीस करून घ्या. माझं सध्या चार डबे ओढतं, पाचवा लावला की वळणावर चाकं जागच्या जागी फिरतात. टाकीत शिशाचा तुकडा बसवून वजन वाढवायचं पुढच्या रविवारी ठरवलंय.