माश्यांचं लाकडी घर (‘बी हॉटेल’): 5 पैकी 2 स्टार

पुण्यातल्या वेताळ टेकडीला लागूनच आमची सोसायटी. मागच्या कुंपणापलीकडे थेट गिरिपुष्पाची झाडी. तिथल्या, मधमाश्यांच्या जातीतल्या रानमाश्यांची सोय होईल म्हणून गेल्या मार्चमध्ये हे बांबूच्या नळ्या भरलेलं घर ऑनलाइन मागवलं. 1,150 रुपये.

जाहिरातीतला मधाच्या पोळ्याचा फोटो आधी विसरा. पोळं बांधणाऱ्या मधमाश्या, सातेरी काय, आग्या काय, असल्या नळ्यांत राहायला येत नाहीत. हे असतं एकेकट्या राहणाऱ्या माश्यांसाठी. मादी नळीत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, मग पडदा घालून पुढचा गोळा. त्यासाठी नळी मागून बंद हवी. इथे सगळ्या आरपार! वर बांबूच्या कडांना कुसळं, माशीचे पंख फाटतील अशी. मधल्या कप्प्यात चक्क पाइनची बोंडं. पुण्यात? आणि ‘फुलपाखरांसाठी’ म्हणून ज्या फटी दिल्यात, तिथे आठवड्याभरात पाल राहायला आली. छप्पर जेमतेम बोटभर पुढे, त्यामुळे जुलैत बांबूंना बुरशी.

दिवाळीनंतर मी सगळं उपसलं. बोंडं फेकली, नळ्यांची तोंडं पॉलिश पेपरने घासली, मागची बाजू मातीने लिंपली आणि घर सज्ज्याखाली, सकाळचं ऊन येईल असं ठोकलं. फेब्रुवारीत शेजारच्या वहिनींच्या गुलाबाची पानं गोल-गोल कातरलेली (त्यांचा संशय माझ्या नातवावर) आणि आमच्या 3 नळ्या त्याच हिरव्या तुकड्यांनी बुजलेल्या! पानं कातरणारी माशी आली होती. दोन्ही स्टार तिचे.

पण कुंपणाजवळ एक वाळलेला पांगारा आहे. कमिटीला तो धोकादायक वाटतो, म्हणून फांद्या उतरवून खोड तेवढं पुरुषभर ठेवलंय. त्यात मी 11 भोकं मोजली, अंगठा जाईल एवढी, खाली भुसा. काळ्या भुंग्यांची, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या माश्यांची वस्ती. बहावा फुलला की त्यावर घुमतात ते हेच. खर्च शून्य, छप्पर नाही, तक्रार नाही.

तेव्हा नुसती बाल्कनीच असेल आणि खटपटीची हौस असेल, तर घ्या. झाडीलगत राहत असाल तर पैसे वाचवा. वाळकं खोड उभं राहू द्या, एखाद्या कोपऱ्यात ना फरशी घाला ना झाडू मारा. जगातल्या असल्या बहुतेक माश्या जमिनीतच बिळं करतात, त्यांना उघडी माती पुरते.

विक्रेत्याला बुरशीचे फोटो पाठवले होते. ‘नैसर्गिक उत्पादन आहे’ असं उत्तर आलं.

रविवारच्या मीटिंगमध्ये पांगाऱ्याचा विषय पुन्हा आहे. मी पुढच्या रांगेत बसणार.