आईसाठी पुढचं पुस्तक: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली त्या संध्याकाळी तिने पुस्तकांचं कपाट उघडलं, बराच वेळ समोर उभी राहिली आणि पुन्हा बंद केलं. म्हणाली, "सगळं वाचून झालंय गं. आता काय वाचू?"

आई ७४ वर्षांची आहे. महापालिकेच्या शाळेत शिकवायची. मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात दुपारी एक ते चार तिच्याजवळ पुस्तक नसेल तर तिला चैन पडत नाही. टीव्ही तिला चालत नाही. त्यामुळे तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं माझ्याकडे आलं. मी फोर्टात नोकरी करते, म्हणजे लोकलचा प्रवास धरून दिवसाचे अकरा तास घराबाहेर. तरी या नऊ महिन्यांत मी एक ॲप वापरलं, चॅटबॉटला विचारून पाहिलं, वाचनालयाचं सभासदत्व घेतलं आणि एक वही सुरू केली. कशाचा किती उपयोग झाला ते सविस्तर लिहिते आहे.

पहिले दोन महिने ॲपवर गेले. नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका ॲपचा नाही, पद्धतीचा आहे. आपण वाचलेल्या पुस्तकांना तारे द्यायचे. आपल्याला जी पुस्तकं आवडली तीच आणखी कोणाकोणाला आवडली हे यंत्रणा शोधते आणि त्या लोकांनी वाचलेलं, पण आपण न वाचलेलं पुस्तक आपल्यापुढे ठेवते. कल्पना चांगली आहे. पण त्यासाठी एकाच पुस्तकाभोवती पुष्कळ वाचक जमावे लागतात, आणि मराठीत घोडं तिथेच अडतं. एकच कादंबरी मला तीन ठिकाणी नोंदवलेली सापडली: एकदा देवनागरीत, दोनदा रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगने. वाचक तीन जागी विभागले गेले, मग त्यांच्यातला धागा जुळणार कसा? धागा जुळला नाही की ॲप सगळ्यात प्रसिद्ध पुस्तकं पुढे करतं, आणि ती सगळी आईने चाळीस वर्षांपूर्वीच वाचलेली. दोन महिन्यांत तिला नवं असं एकच पुस्तक मिळालं आणि तेही तिने चौथ्या दिवशी उशाशी पालथं ठेवलं.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी मात्र एक सांगते. द स्टोरीग्राफ नावाचं ॲप आहे, नाडिया ओडुनायो या प्रोग्रामर बाईंनी उभं केलेलं. त्यात ताऱ्यांच्या जोडीला पुस्तकाची गती संथ आहे की वेगवान, मूड कसा आहे, हेही विचारतात. माझ्या स्वतःच्या इंग्रजी वाचनासाठी मी ते अजून वापरते, आणि विषयापलीकडे काहीतरी विचारायला हवं हे मला पहिल्यांदा तिथेच जाणवलं.

चॅटबॉटचा अनुभव वाईट. त्याने पाच नावं दिली, प्रत्येकाखाली सुंदर परिच्छेद. त्यातली दोन पुस्तकं मी दादरला उतरून दोन दुकानांत विचारली. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी लेखकाचं नाव ऐकलं आणि शांतपणे सांगितलं की या लेखकाने असं पुस्तक लिहिलेलंच नाही. भर पावसात तासभर गेला. तेव्हापासून, तिथून आलेलं नाव वाचनालयाच्या यादीत सापडेपर्यंत मी आईला सांगत नाही.

खरी चूक माझ्या विचारात होती, आणि ती ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आली. आईचं सगळ्यात आवडतं पुस्तक 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, त्याची गोष्ट. मी सरळ हिशेब केला: आई शिक्षिका, पुस्तक शिक्षकाचं, म्हणून आवडलं. त्या हिशेबाने शिक्षकांच्या तीन आत्मकथा आणल्या. तिन्ही परत गेल्या. तिसरी परत करताना ती म्हणाली, "अगं, शाळा मी बत्तीस वर्षं केली. आता पुन्हा वर्गात कशाला बसू?"

मग मी तिला विषय विचारणं सोडून दिलं. (विषय विचारला की ती नेहमी "काहीही चालेल" म्हणते, आणि ते खरं नसतं.) त्याऐवजी विचारलं, "'बनगरवाडी'तलं तुझ्या मनात काय राहिलंय?" ती भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "मास्तर पहिल्यांदा वाडीकडे चालत निघतो ना, ती वाट. आणि तो म्हातारा कारभारी. आणि लेखक मध्येमध्ये येऊन मला समजावत बसत नाही. दाखवतो आणि गप्प राहतो." तिचं दुसरं आवडतं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं आत्मचरित्र. त्याबद्दलही हेच विचारलं. उत्तर आलं, "रडायच्या जागीसुद्धा बाई रडत बसत नाही. सांगते आणि पुढे जाते."

एक खेड्यातली कादंबरी, दुसरं एका बाईचं आत्मचरित्र. कुठल्याही दुकानात ही दोन पुस्तकं एका फळीवर दिसणार नाहीत. पण आईसाठी ती सख्खी बहीणभावंडं आहेत, कारण दोन्ही कमी बोलतात.

वाचकाला पुस्तक सुचवण्याच्या कामावर अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी बराच विचार केलेला आहे. जॉइस सॅरिक्स यांनी नॅन्सी ब्राउन यांच्याबरोबर १९८९ साली या विषयावर पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की वाचकाला विषयापेक्षा गती, पात्रं, कथानकाची मांडणी अशा गोष्टी धरून ठेवतात, आणि ग्रंथपालाने सुरुवात "तुम्हाला आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल सांगा" इथून करावी. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी तेच आणखी सोपं केलं. पुस्तकात शिरायची चार दारं असतात, असं त्या म्हणतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक वाचकाचं नेहमीचं दार ठरलेलं असतं.

मी दोनशे पानांची वही आणली आणि प्रत्येक पुस्तकाला एक पान दिलं. पानावर चार रकाने, या चार दारांचे. पुस्तक संपलं की आईला एवढंच विचारायचं: कुठून आत गेलीस? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं. दहाबारा पानं भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. भाषेचा रकाना जवळजवळ नेहमी भरलेला, त्यामागे माणसांचा. गोष्टीचा रकाना अनेकदा रिकामा. म्हणजे मी "कथानक खिळवून ठेवतं" अशी परीक्षणं वाचून पुस्तकं आणत होते ती सगळी तिच्या चुकीच्या दारावर नेऊन ठेवत होते.

वहीच्या भरवशावर आणलेलं पहिलं पुस्तक 'सत्तांतर'. तेही माडगूळकरांचंच, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं, पण ते तिच्या वाचनातून कसं कोण जाणे सुटलं होतं. गोष्ट वानरांच्या टोळ्यांची. मुखपृष्ठ पाहून ती नाराज झाली. "माकडांचं पुस्तक आणलंस?" मी फक्त म्हटलं, थोडं वाचून बघ. संध्याकाळी घरी आले तर पुस्तक संपलेलं होतं आणि कुकर लावायचा राहिला होता.

आता "थोडं" म्हणजे किती, याबद्दल. नॅन्सी पर्ल यांचा एक नियम मला फार उपयोगी पडला. पन्नास वर्षांच्या आतल्या वाचकाने पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत. त्यापुढच्याने शंभरातून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढीच पानं. आईच्या वाट्याला २६ येतात. मी २६व्या पानात बेस्टचं जुनं तिकीट घालून पुस्तक तिच्या हातात देते. तिकिटापर्यंत पोचून नको वाटलं तर बंद. हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट सोडणं तिला पटत नसे. वर्गात मुलांना तिने आयुष्यभर उलटंच सांगितलं होतं. जुलैमध्ये एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीशी ती सतरा दिवस झटत होती, मध्येमध्ये डोळ्यांत औषध घालत. ते सतरा दिवस मला अजून सलतात. आता ती तिकिटापाशी थांबते आणि पुस्तक परत ठेवते, मनाला लावून न घेता. सोडलेल्या पुस्तकांनाही वहीत पान आहे. खरं सांगायचं तर मला जास्त शिकायला तिथेच मिळालं. एका पानावर तिचे शब्द आहेत: "प्रत्येक वाक्याला दागिने."

एक पाचवा रकाना मी स्वतः वाढवला: अक्षर आणि वजन. याबद्दल कोणी बोलत नाही. आई आडवी पडून, पुस्तक छातीवर टेकवून वाचते. सहाशे पानांचं पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक तिच्या मनगटाला झेपत नाही. जुन्या आवृत्त्यांचा कागद पिवळा, टाइप बारीक, शाई पुसट. दुपारच्या उजेडातसुद्धा ओळ सुटते. चांगलं पुस्तक केवळ एवढ्यासाठी परत गेल्याची तीन पानं वहीत आहेत. आता पुस्तक घेताना मी मधलं कुठलं तरी पान उघडून हात लांब करून पाहते. दोन भागांत आलेलं पुस्तक असेल तर एकच भाग नेते.

आता वाचनालयाविषयी, कारण सगळ्यात मोठा फायदा तिथे झाला. मुंबईत मराठी वाचनालयांची परंपरा जुनी आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. आमचं त्यामानाने लहान, घरापासून दहा मिनिटांवर. अनामत रक्कम एकदाच, मासिक वर्गणी एका नव्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. कपाटं उघडी असतात, हाताने पुस्तक काढून चाळता येतं. देवघेव काउंटरवरच्या बाईंना मी वहीतली पानं दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून ती सगळी वाचली. मग आत गेल्या आणि चार पुस्तकं घेऊन आल्या. "काकूंना ही आवडतील. हे चौथं कदाचित नाही, पण बघू दे." तीन आवडली. चौथं आवडलं नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यात आहे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हे नियम मला माहीत होते. ते घडताना मात्र त्या काउंटरवर पाहिले.

आणि मग ती चिठ्ठी. आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अजून छापील चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर सभासद क्रमांक आणि परतीची तारीख. आक्टोबरात एके दिवशी आई म्हणाली, "हा ३१८ नंबर कोणाचा गं? मला आवडलेल्या प्रत्येक पुस्तकात हा आधी येऊन गेलेला असतो." मी तपासलं. प्रत्येक नाही, पण पाच पुस्तकांत होता, निळ्या शाईत, तीनमधल्या वळणावर थोडा फराटा. तेव्हापासून आई कपाटासमोर उभी राहून पुस्तकं मागून उघडते. ३१८ दिसला की घेते. ॲप ज्या तत्त्वावर चालतं तेच हे, फक्त इथे वाचक एकच आहे आणि मराठी वाचणारा आहे. कोण आहे ते बाईंनी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

नव्या पुस्तकांना आता बारकोड आहे, चिठ्ठी नाही. मी बाईंना विनंती केली आहे की बारकोडबरोबर चिठ्ठीही ठेवा, क्रमांक लिहायचं काम मी शनिवारी येऊन करीन. त्या समितीपुढे विषय ठेवणार आहेत.

दिवाळीत वाचनालयाची अंक योजना घेतली. थोडी जादा वर्गणी भरली की हंगामभर अंक बदलून नेता येतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची दिवाळी अंकांची ही प्रथा, पण नवा लेखक पारखायला यासारखं साधन नाही हे मला यंदा कळलं. वीस पानांच्या कथेत आईला भाषा पटते की नाही ते समजतं. तिने अंकांमधून सहा नावं काढून दिली. त्यातल्या चौघांची पुस्तकं मिळाली. दोघांची अजून शोधते आहे. ऑफिस सुटल्यावर फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे दोन फेऱ्या झाल्या, तिथे मराठी पुस्तकं कमीच असतात.

जे जमत नाही तेही सांगते. विनोदी पुस्तकांत माझी वही चालत नाही. एकाच लेखकाचं एक पुस्तक तिला हसवतं, दुसरं नाही, आणि कारण तिलाही सांगता येत नाही. ऐकायची पुस्तकं दोन लावून पाहिली. वाचणाऱ्याचा आवाज तिला मध्ये येतो असं वाटलं, तो प्रयोग तिथेच थांबवला. आणि कधीकधी पुस्तक संपल्यावर तिला बोलायचंच नसतं. डिसेंबरात एका पुस्तकानंतर दोन दिवस ती त्याबद्दल काहीच म्हणाली नाही. मी विचारलं नाही. वहीतलं ते पान कोरंच आहे, वर फक्त नाव आहे.

आजवर ३४ पानं झाली. त्यातली २३ पुस्तकं तिने पूर्ण वाचली, आणि ऑक्टोबरनंतर सोडलेल्यांची संख्या तीन आहे.

या शनिवारी पुन्हा जायचं आहे. यादीत तीन नावं आहेत, दोन बाईंनी सुचवलेली, एक दिवाळी अंकातलं. तिसरं पातळ आहे आणि टाइप मोठा आहे, ते आधी मागणार. आईने सांगून ठेवलंय, मिळालं तर शेवटचं पान आधी बघ.